जुनी मोटरसायकल गरम झाली की बंद पडते, थंड झाली की पुन्हा चालते: दोष कसा पकडायचा

लक्षण असं. वर्षानुवर्षं धूळ खात पडलेली गाडी तुम्ही बाहेर काढली, धुतली, नवा प्लग बसवला, कार्ब्युरेटर खोलून साफ केला. थंड असताना ती दोन-तीन किकमध्ये सुरू होते, आवाजही छान येतो. आठ-दहा मिनिटं चालली की दम जातो, फडफडते आणि बंद. मग कितीही किक मारा, दाद देत नाही. अर्धा तास सावलीत उभी केली की पहिल्या किकला सुरू. आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच.

पहिल्यांदाच जुनी गाडी दुरुस्त करून चालती करणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला हा दोष येतो, आणि बहुतेक जण पुन्हा कार्ब्युरेटर खोलतात. आत थोडा कचरा सापडतो, तो काढला की गाडी चालते, चार दिवसांनी परत बंद. मग जेट (कार्ब्युरेटरमधले पेट्रोलच्या बारीक भोकांचे भाग) बदलून बघायचे, प्लग बदलून बघायचा, स्क्रू इकडे-तिकडे फिरवायचे. असं करता करता मूळ दोष तसाच राहतो आणि त्यात आपण केलेले नवे दोन दोष मिसळतात. यात उत्साह विझून जुनी, चांगली गाडी अर्धवट उघडलेल्या अवस्थेत भंगारात जाते, याचं मला फार वाईट वाटतं. कारण हा दोष अवघड नाही. फक्त तो थंड गाडीत नसतो, आणि आपण मात्र थंड गाडीत शोधत बसतो. पुरावा असतो तो गाडी बंद पडल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन मिनिटांत. तेवढ्या वेळात काय बघायचं हे आधीच ठरलेलं असलं, तर निम्मं काम तिथेच होतं.

चाचणीला निघण्याआधी

आधी ब्रेक आणि टायर. गाडी चालत नाही तोवर थांबणं महत्त्वाचं वाटत नाही, पण चाचणी रस्त्यावर करायची आहे. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते: पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. २००० सालाआधीच्या टायरवर तीनच आकडे असतात. तसा टायर कितीही खोल नक्षीचा दिसला तरी काढून टाका. ब्रेकचे ड्रम उघडाल तेव्हा आतली धूळ हवेच्या झोताने उडवू नका. जुन्या ब्रेक शूमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका.

इंजिनचं तेल बदललेलं हवं, आणि सायलेन्सर व एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी घरटं केलेलं नाही याची खात्री हवी. प्लगचा पाना, गॅप (टोकांमधलं अंतर) लावलेला आणि नक्की चालणारा एक जादा प्लग, स्क्रू ड्रायव्हर, मल्टीमीटर, जाड हातमोजे आणि झाकणाची छोटी बाटली सोबत घ्या. लांब जाऊ नका. घराभोवतीच फेऱ्या मारा. एका जागी उभं ठेवून इंजिन तापवायचा मोह टाळा. हवेवर थंड होणारं इंजिन वाऱ्याशिवाय भलतंच तापतं आणि मग जो दोष दिसतो तो खरा दोष नसतो.

बंद पडताना कशी पडते, ते ऐका

ही सगळ्यात स्वस्त तपासणी. पेट्रोल कमी पडत असेल तर गाडी हळूहळू मरते: आधी वरच्या वेगाला दम जातो, रेस सोडली की थोडी सावरते, पुन्हा रेस दिली की खोकते. करंट जात असेल तर बहुधा चावी फिरवल्यासारखी एकदम बंद होते, किंवा आधी फटाके फोडते, मिसिंग होते आणि मग जाते. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) जात असेल तर ताकद उतरत जाते, आयडलिंग टिकत नाही आणि किक हलकी लागते.

दम जायला लागताच अर्धा चोक ओढून बघा. क्षणभर जरी गाडी सावरली, तर पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी जादा हवा शिरतेय. चोकने आणखी गुदमरली, तर दोष पेट्रोलच्या कमतरतेचा नाही. एवढी एक गोष्ट कळली तरी पुढचा अर्धा शोध वाचतो.

आता गाडी बंद पडली आहे. पुढचा क्रम बदलू नका, कारण प्रत्येक पायरी आधीच्या पायरीचा पुरावा न बिघडवता करायची आहे.

पहिली गोष्ट, टाकीचं झाकण उघडा आणि कान द्या. हवा आत खेचली गेल्याचा आवाज आला आणि त्यानंतर मिनिटाभरात गाडी सुरू झाली, तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलेलं आहे. पेट्रोल खाली उतरतं तसा टाकीत पोकळी निर्माण होते, ती वाढली की पेट्रोल उतरायचं थांबतं. थंड होईपर्यंत गाडी उभी राहते तेवढ्यात हवा हळूहळू आत झिरपते, म्हणून आपल्याला वाटतं की थंड झाल्यामुळे चालली. उष्णतेचा इथे काही संबंधच नसतो. झाकण खोलून छिद्र मोकळं केलं की काम झालं.

दुसरी गोष्ट, चावी बंद करून फ्लोट बोलचा (कार्ब्युरेटरखालच्या पेट्रोलच्या वाटीचा) ड्रेन स्क्रू बाटलीत सैल करा. गरम इंजिनजवळ पेट्रोल आहे याचं भान ठेवा. सायलेन्सरवर थेंबही पडता कामा नये. बाटलीत भरपूर पेट्रोल आलं, तर कार्ब्युरेटरपर्यंतची वाट ठीक आहे. चमचाभरच आलं, तर दोष वर आहे: कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी), गाळणी, पाइप किंवा फ्लोटची सुई. तळाला पाण्याचे गोळे किंवा तांबूस भुकटी दिसली, तर टाकीकडे जायचं.

तिसरी गोष्ट, प्लग काढा. ओला असेल तर पेट्रोल येतंय पण पेटत नाही. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. आता जादा प्लग वायरच्या टोपीत घाला, त्याचं धातूचं अंग सिलिंडरच्या हेडला घट्ट टेकवा आणि चावी चालू करून किक मारा. प्लगच्या उघड्या भोकापासून तो लांब ठेवा, भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. निळी, टणक, आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळसर, बारीक, चुकत येणारी ठिणगी उघड्या हवेत दिसते, पण सिलिंडरमधल्या दाबाखाली तिचा टिकाव लागत नाही.

चौथी गोष्ट फक्त पायाने कळते. चावी बंद करून, प्लग परत बसवून किक दाबा. थंड असतानाच्या मानाने किक खूप हलकी लागली, तर कॉम्प्रेशन बघायचं. आणि किक जड लागली, अडकल्यासारखी वाटली, तर तिथेच थांबा. पिस्टन पकडतोय. थंड झाल्यावर ती पुन्हा सुरू होईलही, पण चालवू नका. हेड काढून पिस्टन आणि सिलिंडर बघितल्याशिवाय पुढे जाणं म्हणजे इंजिन गमावणं.

पेट्रोल कमी पडत असेल तर

झाकणाचं छिद्र मोकळं आहे आणि तरी बोल रिकामा आहे. पाइप कार्ब्युरेटरच्या टोकाला काढा, डब्यात सोडा आणि कॉक पाच मिनिटं चालू ठेवा. पहिल्या दहा सेकंदांवर विश्वास ठेवू नका. धार सुरुवातीला जोरात येते आणि मग बारीक होत जाते का, ते बघायचं आहे. लिटरला ४० किलोमीटर देणारी गाडी ताशी ६० किलोमीटरने चालली, तर तासाला दीड लिटर, म्हणजे मिनिटाला २५ मिलिलिटर पेट्रोल लागतं. मोकळा कॉक याच्या कितीतरी पट पेट्रोल सोडतो. म्हणून कॉक बराच बुजेपर्यंत आपल्याला काही कळतच नाही, आणि कळतं तेव्हा गाडी रस्त्यात उभी असते.

कॉकच्या वर, टाकीच्या आत पितळी जाळीची गाळणी असते. टाकीतला गंज सुटून तिच्यावर बसतो. गाडी उभी राहिली की खेच थांबते, गंज खाली बसतो, जाळी थोडी मोकळी होते आणि गाडी पुन्हा चालते. दर वेळी कार्ब्युरेटर साफ करणारे लोक याच गंजाचा जाळीतून सुटलेला बारीक भाग साफ करत असतात. गळक्या छताखाली फरशी पुसत बसण्यासारखंच आहे हे. टाकी साफ होईपर्यंत कार्ब्युरेटर साफ राहणार नाही.

टाकीसाठी मी पहिली पसंती सायट्रिक ॲसिडला देतो. कॉक आणि झाकण काढा, भोकं रबरी बुचांनी बंद करा. सुटा गंज आधी मूठभर नट किंवा बारीक साखळी आत घालून, हलवून, मोजून परत काढा. मग लिटरला ५० ग्रॅम या प्रमाणात सायट्रिक ॲसिड कोमट पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भरा. गंज किती आहे त्यावर एक दिवस किंवा जास्त लागतो. मधूनमधून आत उजेड टाकून बघत राहा. रंगावर द्रावण सांडू देऊ नका. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच साध्या पाण्याने विसळा, गरम हवेने कोरडी करा आणि त्याच तासात पेट्रोलमध्ये थोडं टू-स्ट्रोक ऑइल मिसळून आतून फिरवा. उघडा पडलेला पत्रा ओला राहिला, तर बघता बघता त्यावर नवा तांबूस थर चढतो.

खूप जाड गंज असेल तर विजेची पद्धत आहे: दर चार लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, साध्या बॅटरी चार्जरची ऋण तार टाकीला आणि धन तार आत लटकवलेल्या साध्या लोखंडी सळईला. सळई टाकीला कुठेही टेकता कामा नये. सळई स्टेनलेस स्टीलची मुळीच वापरू नका, तिच्यातून विषारी क्रोमियमचे क्षार सुटतात. या कामात हायड्रोजन निघतो, म्हणून हे उघड्यावर करा आणि जवळ ठिणगी नको. तारा जोडण्या-काढण्याआधी चार्जर बंद करा.

टाकीत आतून लावायचं अस्तर हा मात्र शेवटचा उपाय. नीट साफ न केलेल्या पत्र्यावर लावलेलं अस्तर पापुद्रे धरतं, आणि ते पापुद्रे कॉकमध्ये बसले की गंज बरा होता असं वाटतं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुनी काही अस्तरं मऊ पडतात, जुने रबरी पाइप आणि सीलही फुगतात. म्हणून पाइप दिसायला चांगला असला तरी बदला. आतून सुजलेला पाइप बाहेरून ओळखू येत नाही.

एक गोष्ट हौसेने बरेच जण करतात: पाइपमध्ये मोटारीचा कागदी फिल्टर बसवतात. तो पंपाच्या दाबासाठी बनवलेला असतो. टाकीतून फक्त वजनाने उतरणाऱ्या पेट्रोलला तो अडवतो, त्यात हवेचा बुडबुडा अडकतो आणि हाच दोष नव्याने तयार होतो. बसवायचाच तर वजनाने उतरणाऱ्या पेट्रोलसाठीचा जाळीचा फिल्टर बसवा आणि पाइप इंजिनपासून लांबून, कुठेही वर उचलला न जाता उतरता ठेवा.

कार्ब्युरेटर आणि हेड यांच्यामध्ये बऱ्याच गाड्यांना फायबर किंवा बेकेलाइटची जाड चकती असते. मधल्या कुणी तरी ती फेकून देऊन नुसतं कागदी गॅस्केट लावलेलं असू शकतं. ती चकती उष्णता अडवण्यासाठी असते. ती नसेल तर गरम हेड कार्ब्युरेटर तापवतं आणि पेट्रोल बोलमध्येच उकळू लागतं. तुमच्या गाडीच्या सुट्या भागांच्या चित्रात ती आहे का, हे जरूर बघा. बोल्ट आवळताना हात आवरा. अमाल कंपनीच्या कार्ब्युरेटरसारख्या जुन्या कार्ब्युरेटरचं अंग झिंकच्या मिश्रधातूचं असतं, जास्त आवळलं की फ्लँज (बोल्ट बसतो तो चपटा काठ) वाकतो आणि तिथून हवा शिरते. सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून फ्लँज घासून सरळ करता येतो. जेट मात्र कधीही तारेने टोचू नका. नायलॉनचा धागा आणि हवेचा झोत पुरे.

ठिणगी जात असेल तर

गरम झाल्यावर बंद, थंड झाल्यावर चालू, आणि बंद पडतानाही प्लग ओला: अशा गाडीत मी सगळ्यात आधी कंडेन्सरकडे बघतो. पॉइंट (इंजिनच्या फेऱ्यांबरोबर उघडझाप करणारा स्विच) उघडतात तेव्हा कॉइलच्या पहिल्या वेटोळ्यातला प्रवाह तुटायला हवा, पण तो पॉइंटमधूनच उडी मारू बघतो. कंडेन्सर तो झटका स्वतःत घेतो, प्रवाह झटकन तुटतो आणि त्या झटक्यामुळेच दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट तयार होतात. कंडेन्सरच्या आतलं इन्सुलेशन जुनं झालं की थंड असताना काम चालवून नेतं, तापलं की गळायला लागतं. मग पॉइंटवर मोठा निळा जाळ दिसतो, पॉइंट काळे पडून खड्डे पडतात आणि प्लगवर मात्र मलूल ठिणगी येते. अंधारात पॉइंटचं झाकण काढून किक मारली की हे डोळ्यांनी दिसतं.

कंडेन्सर सहसा ०.१८ ते ०.२५ मायक्रोफॅरडचा असतो. साध्या मीटरवर थंड कंडेन्सर चांगला दाखवला म्हणून त्याला सोडून देऊ नका. मीटर त्याला काही व्होल्ट देतो. गाडीत त्याच्यावर शेकडो व्होल्ट येतात, तेही तापलेला असताना. खात्रीचा कंडेन्सर लावून बघणं हीच खरी चाचणी. आणि कपाटात कैक वर्षं पडलेला ‘नवा’ कंडेन्सर नवा नसतो, तोही जुन्याइतकाच म्हातारा असतो. मी ०.२२ मायक्रोफॅरडचा, ६३० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर इंजिनपासून दूर, फ्रेमवर बसवणं पसंत करतो. तिथे त्याला ना उष्णता लागते ना थरथर. त्याचं एक टोक पॉइंटच्या तारेला आणि दुसरं पक्क्या अर्थला जोडायचं.

मग पॉइंट. कानशीने घासलेले पॉइंट पुन्हा पुन्हा बिघडतात. खड्डे खोल असतील तर बदला. गॅप मॅन्युअलमधलाच ठेवा. बॅटरी-कॉइलच्या बऱ्याच गाड्यांत तो ०.३५ ते ०.४० मिलिमीटर असतो, मॅग्नेटोच्या (बॅटरीशिवाय स्वतः वीज तयार करणाऱ्या) बऱ्याच गाड्यांत ०.३० च्या आसपास. नव्या पॉइंटचा फायबरचा टाचेचा भाग सुरुवातीला लवकर झिजतो आणि गॅप आपोआप कमी होतो, म्हणून शंभर-दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा मोजा. कॅमवरच्या (पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या भागावरच्या) वातीला तेलाचा एक थेंब, जास्त नाही. जास्त झाला की तो पॉइंटवर उडतो.

कॉइलही गरम झाल्यावर दगा देते. रेझिस्टन्स थंड असताना मोजून लिहून ठेवा आणि गाडी बंद पडताच पुन्हा मोजा. तापलेल्या तांब्याचा रेझिस्टन्स थोडा वाढणारच, पण आकडा एकदम आकाशाला भिडला तर आतली तार तापल्यावर तुटतेय. प्लगच्या टोपीतही बहुधा ५ किलोओहमचा रेझिस्टर असतो. तोही तापल्यावर सर्किट तोडू शकतो. जुन्या मॅग्नेटोंत वेटोळ्यावर शेलॅक असे. वर्षांनी ते मऊ होऊन पाझरतं, आणि अशा मॅग्नेटोचं वेटोळं नवीन भरून घेण्याला पर्याय नाही.

नव्याने दुरुस्त करून चालत्या केलेल्या गाडीचा एक खास दोष आहे, आणि त्याकडे फार कमी जण बघतात. फ्रेमला सुंदर रंग किंवा पावडर कोटिंग केलं, सगळे जोड रंगले, आणि इंजिन, कॉइल, बॅटरी यांचा फ्रेमशी संबंध तुटला. बोल्टच्या आट्यांतून कसाबसा अर्थ मिळत राहतो, तापून पसरलं की तोही जातो. इंजिनपासून बॅटरीच्या अर्थच्या टोकापर्यंत एक जाड, वेगळी तार ओढा. मग पॉइंट एकमेकांना टेकलेले असताना चावी चालू करून मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या चालू टोकाला, दुसरी कॉइलच्या फीडच्या टोकाला लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं, तर चावीचा स्विच, फ्यूजचा होल्डर किंवा जोडणी ते व्होल्ट खातेय. १२ व्होल्टच्या गाडीत हे खपून जातं, ६ व्होल्टच्या गाडीत नाही. तपासून होताच चावी बंद करा, नाहीतर कॉइल तापत राहते. वायरचं आवरण सोलल्यावर आत तांबं हिरवट काळं दिसलं, तर ती वायर मागेपर्यंत तशीच आहे असं समजून पूर्ण बदला.

काही जुन्या गाड्यांत, विशेषतः ब्रिटिश बनावटीच्या, बॅटरीचं धन टोक अर्थ असतं. कुणी ते उलटं करून ऋण अर्थ केलं असेल, तर कॉइलच्या दोन बारीक तारांचीही अदलाबदल व्हायला हवी. ती राहिली तर ठिणगी उलट दिशेने उडते आणि तिला जास्त व्होल्ट लागतात. थंड असताना चालून जातं, कॉइल तापली की उणीव दिसते.

किक हलकी लागत असेल तर

टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे भाग) आवळलेले असतील तर तापल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची दांडी लांबते, व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन गळतं. टॅपेटचा गॅप इंजिन पूर्ण थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून, मॅन्युअलमधल्या आकड्यानुसार लावा. दुसऱ्या गाडीचा आकडा चालत नाही. फार दिवस पडून राहिलेल्या इंजिनात रिंगा खाचेत चिकटलेल्या असतात, पण तसं असेल तर थंड असतानाही किक हलकीच लागते आणि धूर येतो.

टू-स्ट्रोक गाडीत क्रँकचे ऑइल सील उभ्या गाडीत कडक होतात. मॅग्नेटोच्या बाजूचा सील गेला तर जादा हवा शिरते, मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आयडलिंग मनमानी वर-खाली होतं आणि पिस्टन तापतो. क्लचच्या बाजूचा गेला तर इंजिन गिअरचं तेल ओढतं, दाट पांढरा धूर येतो आणि गिअर बॉक्समधलं तेल विनाकारण कमी होतं. पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही ठीक असूनही चोकने सावरणारी टू-स्ट्रोक असेल, तर मी सील बदलूनच पुढे जातो. त्यासाठी इंजिन उघडावं लागलं तरी.

टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे पडलेलं असेल तर कुठलीही गाडी जास्त तापते, हेही तपासून घ्या. टायमिंग पॉइंटचा गॅप लावल्यानंतरच लावायचं. गॅप बदलला की टायमिंग सरकतं.

दुरुस्ती झाली हे कसं ओळखायचं

एका वेळी एकच भाग बदला आणि वहीत लिहा: काय बदललं, किती चालली, बंद पडली तर कशी. तीन भाग एकदम बदलून गाडी चालली, तर कोणता दोषी होता हे कळत नाही, आणि दोष परतला की पुन्हा शून्यावर.

नवा भाग लावून गाडी अर्धा-पाऊण तास नीट चालली, की जुना भाग मुद्दाम परत लावा आणि तीच फेरी मारा. दोष परत आला तर चोर सापडला, नवा भाग कायमचा बसवा. जुना भाग लावूनही गाडी ठीकच चालली, तर तुम्ही सोडवताना-आवळताना एखादी सैल जोडणी नकळत नीट बसवली आहे. त्या भागाला जाणारी प्रत्येक तार, प्रत्येक टोक हलवून बघा, साफ करा, नवी टोकं लावा आणि गाडी पुन्हा पूर्ण तापेपर्यंत चालवा.